बुरशी उगवेपर्यंत

अलिबागच्या एका रुग्णालयात मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर आहे. डॉक्टर म्हटलं की लोकांना गळ्यातला स्टेथोस्कोप दिसतो. माझ्या गळ्यात तो नाही. रोगी माझ्यापर्यंत क्वचितच येतो. येते त्याची थुंकी, लघवी, पू, खरवडलेली कातडी. तळमजल्यावर मागच्या अंगाला आमची प्रयोगशाळा आहे, तिच्या भिंतीला कायम ओल असते आणि खिडकीतून धुलाईघराची वाफ आत येते. निवृत्तीला आता फार अवकाश राहिलेला नाही. सकाळी पायऱ्या उतरताना गुडघे बोलतात आणि पहिलं काम सुरू करायच्या आधीच दिवस संपावा असं वाटतं.

बुरशीचं काम आमच्याकडे कोणाला नको असतं. जिवाणू कसे, आज पेरले की उद्या उगवतात आणि रिपोर्ट जातो. बुरशी आठवडे घेते. तोवर वरच्या मजल्यावरून फोन येत राहतात, रोगी घरी गेलेला असतो, कधी बराही झालेला असतो. ते काम हळूहळू माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यात बहुतेक नायटे. किनाऱ्यावरची दमट हवा, घामाने भिजलेले कपडे, आणि औषधाच्या दुकानातून कोणालाही मिळणारं ते मलम, जे खाज आज थांबवतं आणि नायटा दुप्पट पसरवतं. पोटापासून मांडीपर्यंत चट्टे घेऊन माणसं येतात. मी खरवडते, बघते, लिहिते, आणि मलम बंद करा असं सांगते. ते हो म्हणतात. काही महिन्यांनी तेच मलम लावून परत येतात.

पावसाळ्यात तर आमच्याकडे बुरशी पेरावी लागत नाही. चपलांवर, पर्सच्या पट्ट्यावर, कपाटातल्या रेशमी साडीच्या घडीवर ती आपसूक येते. जी हवी ती मात्र आमच्या काचेच्या नळीत येता येत नाही.

अशाच एका पावसाळ्यात वरच्या सर्जनचा फोन आला. तो माझ्यापेक्षा वयाने बराच लहान, मोजकं बोलणारा माणूस. मुरुडच्या पलीकडच्या गावातली एक बाई त्याच्याकडे आली होती. पायावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ. बाहेरच्या एका लॅबने त्या गाठीचा तुकडा तपासून कातडीचा कर्करोग असावा असं कळवलं होतं. त्या रिपोर्टवर पाय गुडघ्याखाली कापायचा असं ठरत आलं होतं. पण त्याला एक गोष्ट खटकत होती. ती गाठ फार जुनी होती. कर्करोग इतकी वर्षं एका जागी बसून राहील का, आणि जांघेत एकही गाठ येणार नाही का, असं त्याने मलाच विचारलं. मग म्हणाला, कापायच्या आधी एकदा बुरशी बघाल का. मी म्हटलं, पाठवा.

ती बाई काठी टेकत, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आली. वयाने माझ्याएवढीच असेल, पण आमच्याकडे सगळ्यांना मावशी म्हणायची पद्धत, म्हणून मीही मावशी म्हटलं. मुलगी तिशीची, मुरुडच्या एका लॉजवर खोल्या साफ करायला आणि सकाळचा नाश्ता करायला होती. दोघी पहाटेच्या एसटीने मुरुडला आणि तिथून दुसऱ्या एसटीने अलिबागला आल्या होत्या. पायाला जुन्या साडीचा फडका गुंडाळलेला. तो सोडल्याबरोबर वास आला. मुलीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि मग, फिरवायला नको होतं असं वाटून, पुन्हा आईकडे पाहिलं.

घोट्यापासून पावलाच्या वरच्या बाजूला पसरलेली, खडबडीत, उंचसखल गाठ होती. मधेमधे भेगा. आणि तिच्यावर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक काळे ठिपके. त्या ठिपक्यांकडे पाहिल्यावर मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

कसं झालं म्हणून विचारलं. तिने सांगितलं ते असं. ती नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये कामाला जायची. पडलेल्या झावळ्या ओढायच्या, त्यांच्या पात्या सोलून हीर काढायचे, हिरांचे खराटे बांधायचे. धाकटा मुलगा पाळण्यात होता तेव्हा एक हीर पायात घुसला. तिने तो ओढून काढला, वर हळद दाबली आणि कामाला लागली. पुढे तिथे पुळी आली. पुळीची गाठ झाली. मुरुडात इंजेक्शनं झाली, माणगावला कोणी टीबीच्या गोळ्या दिल्या, त्या तिने पूर्ण खाल्ल्या. एका वैद्याचे लेप झाले. एकदा गाठ कापूनही झाली, ती पुन्हा वाढली. तो पाळण्यातला मुलगा आता पनवेलला ट्रक चालवत होता.

"माजा पाय कापणार हायेत, ठाव हाय मना," ती म्हणाली. "मंग तू काय बघतंस, बाय?"

तिने मला पहिल्या भेटीतच अगंतुगं केलं, त्याचं मला बरं वाटलं. मी म्हटलं, या काळ्या ठिपक्यांत काय आहे ते बघते. दुखेल थोडं. ती म्हणाली, दुखू दे.

ते ठिपके म्हणजे शरीर ज्या जागेवरून नको असलेलं बाहेर ढकलत असतं ती जागा. बोथट पात्याने तेवढेच खरवडून काचेवर घेतले. त्यावर पोटॅशचा थेंब टाकला. पोटॅशमध्ये कातडी विरघळते, बुरशीची भिंत विरघळत नाही. म्हणून काच जराशी शेकायची आणि थांबायचं. घाई केली तर नुसता चिखल दिसतो. दोघींना बाहेर बाकावर बसवलं, चहा पाठवला, आणि मी थांबले.

सूक्ष्मदर्शकात आधी काहीच नव्हतं. मग एका कडेला तपकिरी, गोल, जाड कडेच्या पेशी दिसल्या. कुळथाच्या दाण्यांसारख्या, दोन-तीन एकमेकींना चिकटलेल्या, मधून उभी आणि आडवी भिंत पडलेली. हे मी मुंबईत शिकत असताना सरांच्या काचेवर एकदाच पाहिलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांत किनाऱ्यावरच्या कोणाच्याच कातडीत पाहिलं नव्हतं. मातीतली, कुजक्या लाकडातली, झावळीतली काळी बुरशी काट्याबरोबर आत जाते आणि वर्षानुवर्षं तिथे वाढत राहते. ती कातडी अशी फुगवते, की तुकडा बघणाऱ्यालाही कर्करोगाचा भास व्हावा. मला आनंद वगैरे झाला नाही. मी स्टुलावर बसून राहिले. इतकी वर्षं तो पाय कोणकोणत्या खोल्यांमध्ये फडका सोडून दाखवला गेला असेल, एवढंच मनात आलं.

सर्जन स्वतः खाली आला. बराच वेळ डोळा लावून बघत होता. मग म्हणाला, मला पटतंय. पण माझ्या टेबलावर कर्करोगाचा कागद आहे. एका काचेच्या भरवशावर तो बाजूला ठेवला आणि उद्या दोन्ही निघालं, तर? त्याचंही बरोबर होतं. जुन्या गाठीत दोन्ही असू शकतात. त्याने बाहेरच्या लॅबकडून तो तुकडा परत मागवून दुसऱ्या डॉक्टरकडून बघून घ्यायचं ठरवलं. मला म्हणाला, तुम्ही ती उगवून दाखवा. तोवर मी पायाला हात लावत नाही. बुरशी मारणाऱ्या गोळ्या आधी सुरू केल्या तर नळीत काही उगवेल याची खात्री नव्हती, म्हणून गोळ्याही थांबल्या.

उगवून दाखवा. हे बोलायला सोपं.

बुरशीसाठी आम्ही साखर आणि पेप्टोनचं आगर, म्हणजे तिचं जेलीसारखं खाद्य, नळीत ओततो आणि नळी तिरकी ठेवून थिजवतो. त्यात जिवाणू मारायचं औषध घालतो. शिवाय हवेतली साधी बुरशी रोखणारं आणखी एक औषध असतं. ते मुंबईहून मागवलं होतं आणि आलं नव्हतं. मी होत्या त्या नळ्यांमध्ये खरवड टोचली, बुचं लावली आणि एकसारखा गारवा राखणाऱ्या विजेच्या पेटीत ठेवून दिल्या. त्या आठवड्यात वादळी पाऊस झाला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. पेटीच्या आतून पाणी ठिबकत होतं. काही दिवसांनी बघते तर साऱ्या नळ्यांमध्ये हिरवीगार बुरशी, पावावर येते तशी. आतली काळी असलीच तर तिच्याखाली गाडली गेली होती.

मी मुलीला फोन केला. नमुना खराब झाला, पुन्हा यावं लागेल, असं सांगितलं. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, लॉजवर शनिवार-रविवार गर्दी असते मॅडम, मालक सुट्टी देत नाही, मधल्या वारी बघते. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या आल्या तेव्हा पाऊस लागलेला होता आणि बाईच्या पायावरचा फडका चिंब झाला होता. मी फडका सोडायला वाकले तेव्हा तिने पाय मागे घेतला.

"आता खरवडू नको," ती म्हणाली.

मुलगी म्हणाली, अगं, एकदाच.

"एकदाच, एकदाच. वीस ठिकानी एकदाच झाला." मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "बाय, तो वरचा डाक्टर कापतंय त कापू दे. दुखंल ते एकदा दुखंल. ह्यो त रोज सडतंय. मी जेवायला बसलंव की नातवंडां उठून जातात. मना मोकली कर."

मी काहीतरी समजावायला हवं होतं. पाय गेल्यावर वाडीत कशी जाशील, विहिरीवर कशी जाशील, हे सगळं मला बोलता आलं असतं. पण ती ते जाणत नव्हती असं थोडंच होतं. शिवाय मीही दमलेली होते. घरी नवऱ्याचा उजवा हात आणि पाय आदल्या वर्षी लुळे पडले होते, वाचा गेली होती, सकाळी त्यांना आंघोळ घालून, भरवून मी निघत असे, आणि दिवसभर कोणीतरी मला मोकळी करावं असं मलाही वाटत असे. तिचं वाक्य ऐकून मी तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि खरं तेच बोलले.

"मावशी, मला ते दिसलंय. तुमच्या पायात बुरशी आहे, मी डोळ्यांनी पाहिली. पण मी ती नळीत उगवून दाखवली नाही तर कोणी धाडसाने गोळ्या देणार नाही. आणि पुन्हा हिरवी आली तर मी तुम्हाला तिसऱ्यांदा बोलावणार नाही. मग तुम्ही म्हणाल तसं."

मुलीने काठी भिंतीला लावून ठेवली आणि आईच्या पाठीवर हात ठेवला.

"बुरशी म्हंजी लोनच्यावर येते ती?" बाईने विचारलं.

"तिची लांबची भावकी."

"आन् तिच्यापाई येवढा?" ती म्हणाली, आणि पाय पुढे केला.

यावेळी औषध आलेलं होतं. मी नळ्या स्वतः भरल्या. पंखा बंद केला, टेबल दोनदा पुसलं, ज्योतीजवळ बसून प्रत्येक काळा ठिपका वेगळा टोचला. काही नळ्या गार पेटीत, काही नुसत्या कपाटात, कारण वीज गेली तर कपाटाला काही फरक पडत नाही. मग पुन्हा वाट.

या कामात वाट बघण्यापलीकडे काही नसतं. रोज सकाळी नळ्या उजेडाकडे धरायच्या, बघायच्या आणि परत ठेवायच्या. नळी उघडायचा मोह टाळायचा. पहिले काही दिवस काहीच नव्हतं आणि त्याचंच बरं वाटत होतं, कारण हिरवंही काही नव्हतं. घरी गेल्यावर नवऱ्याला हा सगळा प्रकार सांगायची. त्यांची वाचा परत येत होती, पण एकेक शब्दाने. मी दारातून आत आले की ते विचारायचे, "उगवलं?" मी म्हणायची, नाही हो. मग आम्ही दोघं बातम्या लावून बसायचो. त्यांच्या बोलण्याचीही डॉक्टरांनी अशीच वाट बघायला सांगितली होती. संध्याकाळी त्यांच्या बोटांना व्यायाम देताना मला कधीकधी वाटे की माझ्या वाट्याला सगळी सावकाश वाढणारी कामंच आलीत.

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात एका नळीत मोहरीएवढा काळपट ठिपका दिसला. मी तो आगरातला कचरा समजले. दोन दिवसांनी तो मोठा झाला होता आणि दुसऱ्या नळ्यांतही त्याच जागी, टोचलेल्या जागीच, तसेच ठिपके होते. हळूहळू त्यांचं शेवाळी काळं, मऊ, मखमलीसारखं वर्तुळ झालं. नळी उलटी करून बघितली तर खालूनही काजळासारखं काळं. प्रयोगशाळेतली माझी सहायक म्हणाली, मॅडम, सुंदर आहे हो. मी तिला म्हटलं, त्या पायाला विचार.

पण काळी बुरशी अनेक जातींची असते, आणि नुसत्या रंगावर नाव देता येत नाही. त्यासाठी काचेवर शेती करावी लागते. आगराचा नखाएवढा चौकोन काचेवर ठेवायचा, त्याच्या कडांना बुरशी टोचायची, वर पातळ काच झाकायची आणि ओल्या बशीत ठेवून द्यायचं. म्हणजे ती न मोडता, जशी वाढते तशी वरच्या काचेला चिकटते. मग ती काच अलगद उचलून निळ्या रंगाच्या थेंबावर ठेवायची. मी ती ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खाली तपकिरी दांडे होते आणि त्यांच्या टोकांवर, झाडाला फांदी आणि फांदीला फांदी फुटावी तशा, बीजाणूंच्या आखूड साखळ्या. हीच ती, काट्याबरोबर आत शिरणारी. तरी माझ्यावर विसंबू नये म्हणून मी एक नळी मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथूनही तेच नाव आलं. दरम्यान तो जुना तुकडाही परत बघितला गेला होता. दुसऱ्या डॉक्टरांना त्यात कर्करोग दिसला नाही. कातडी भलतीच वाढलेली होती, आणि त्या वाढीच्या आत तेच तपकिरी कुळीथ सापडले. सर्जनने ऑपरेशन रद्द केलं आणि मला फोनवर फक्त "थँक यू, मॅडम" म्हणाला. त्याचा आवाजही दमलेला होता.

हे ऐकून दोघी मायलेकी खूश होतील असं मला वाटलं होतं. मुलगी फोनवर रडली. बाईने फोन घेऊन विचारलं, मग गोळ्या किती दिवस. मी म्हटलं, मावशी, महिनोन् महिने. कदाचित वर्षभर. ती म्हणाली, "मंग ह्ये बी वाट बघायचाच काम."

आणि ते तसंच झालं. गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं, लिव्हरसाठी रक्त तपासायला यावं लागायचं. पायाला गरम पाण्याची पिशवी बांधून शेक द्यायचा, कारण या बुरशीला अंगापेक्षा जास्त ऊब सोसत नाही. मार्गशीर्षात ते ठीक होतं, पण चैत्र-वैशाखात ती वैतागून पिशवी फेकून द्यायची, असं मुलगी सांगायची. मधे एकदा तिने गोळ्या सोडल्या. गाठ परत टरारली तशी तिने त्या आपणहून सुरू केल्या. कोणी तिला रागावलं नाही. गाठ कडेने वितळत गेली, मधे नारळाच्या वाटीएवढा भाग हट्टाने राहिला, तो त्याच सर्जनने शेवटी कापून काढला. घोटा आखडलेलाच राहिला. झावळ्या ओढायला तिला आता जमत नाही. अंगणात बसून खराटे बांधते, आणि जेवताना नातवंडं तिच्या ताटातला बोंबील पळवतात, हेही मुलीनेच सांगितलं.

त्यानंतर एकदा ती शेवटच्या खरवडीसाठी आली. जखमेच्या जागी गुळगुळीत, फिकट, सुरकुतलेला व्रण होता. खरवडायला काही सापडेना. तरी मी कडेचं थोडं घेतलं आणि नळ्यांत टोचलं. काचेवर काहीच नव्हतं. नळ्या मी नेहमीपेक्षाही जास्त दिवस ठेवल्या, रोज सकाळी उजेडाकडे धरल्या. आगर सुकून आक्रसलं, पण वर काही आलं नाही.

मी लॉजवर फोन लावला. मुलीला सांगितलं, काही उगवलं नाही, आई बरी आहे. त्या दिवशी बाई तिच्याजवळच होती, मुलीने फोन तिच्या हातात दिला. मी पुन्हा तेच सांगितलं, काही उगवलं नाही म्हणून. तिला ते नीट कळलं की नाही, ठाऊक नाही.

"मंग आता यावाचा न्हाय ना?" तिने विचारलं.

"नाही, मावशी. आता नका येऊ."

"बरा झाला," ती म्हणाली. "दोन-दोन येष्ट्या बदलून माजी कंबर गेली."